तो बघा, तो हत्ती!

गुहा पाहायला माणूस जातो, अशी समजूत जगभरच्या पर्यटन खात्यांनी पसरवली आहे आणि तिकीटखिडकीवरची रांग बघून ती खरीही वाटते. पण तिकीट काढून आत शिरलेला माणूस नेमकं काय करतो, याची चौकशी कोणी करत नाही. केली तर असं आढळेल की तो पाहत नाही, ओळखतो. आंध्रातल्या अराकू खोऱ्याजवळची बोर्रा गुहा घ्या. वरून चुन्याचे सुळके लोंबतायत, खालून चुन्याचे खांब वर येतायत, मधल्या अंधारात एक गाईड टॉर्च घेऊन उभा. तो झोत टाकतो आणि म्हणतो, "हे शिवलिंग." सगळे हात जोडतात. "हे ऋषी, दाढी बघा." दाढी सगळ्यांना दिसते. "तो बघा, तो हत्ती!" इथे जरा गडबड होते. "कुठाय?" "तो काय, सोंड डावीकडे." "हां हां, दिसला." प्रत्यक्षात दिसलेला नसतो. पण पुढच्या तिघांना दिसला आणि मागे पंधरा जण खोळंबलेत, तेव्हा माणूस करणार काय? गुहेत हत्ती न दिसणं हा डोळ्यांचा नव्हे, चारित्र्याचा दोष मानला जातो. प्रस्तुत लेखक या बाबतीत कायम बहुमताबरोबर राहत आला आहे आणि पुढेही राहील.

आता त्या दगडाची बाजू बघू. पावसाचं पाणी जमिनीतून मुरताना किंचित आंबट होतं, चुनखडी विरघळवतं, छतातून टपकतं आणि टपकताना कणभर चुना मागे ठेवतं. असे थेंब हजारो, लाखो वर्षं पडत राहतात. यातल्या एकाही थेंबाच्या मनात हत्ती नव्हता. महाराष्ट्राच्या वाट्याला ही चैन जवळजवळ नाहीच. आपल्या पायाखाली साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा काळा कातळ आहे, तो असा विरघळत नाही. त्यामुळे विदर्भातल्या माणसाला दगडात देव ओळखायचे तर सातपुडा चढून पचमढी गाठावी लागते. तिथे खडकात शंकराच्या जटा दिसल्या म्हणून जटाशंकर, आणि नागपंचमीला नागद्वारीची यात्रा. त्याहून दूर जायचं तर बस्तरची कुटुमसर गुहा. तिथल्या पाण्यातल्या माशांचे डोळे पिढ्यान्‌पिढ्या अंधारात राहून जवळजवळ गेले आहेत. गाईड मोठ्या कौतुकाने सांगतो, "या माशांना काही दिसत नाही." गंमत म्हणजे ते मासे पाण्यात नेमके कुठे आहेत, हे बघणाऱ्यांपैकी कोणालाच दिसत नाही.

यावर कोणी म्हणेल, हा आपल्या भोळ्या लोकांचा भाबडेपणा, बाहेरचे लोक शास्त्रीय नजरेने बघतात. पुरावा उलट आहे. अमेरिकेत व्हर्जिनिया राज्यात लुरे नावाची प्रसिद्ध गुहा आहे. तिथे दोन गोल तुटके खुंट आहेत, त्यांचं अधिकृत नाव 'तळलेली अंडी'. युरोपात स्लोव्हेनियातल्या पोस्तोयना गुहेत १८७२ पासून छोटी आगगाडी धावते. तिथे छतातून बारीक पांढऱ्या नळ्या लोंबणारं एक दालन आहे आणि त्याला नाव दिलंय 'स्पॅगेटी दालन'. म्हणजे अमेरिकन माणूस डोंगराच्या पोटात शिरतो आणि त्याला नाश्ता दिसतो, युरोपियन माणसाला जेवण दिसतं. आपल्याला निदान देव दिसतात, यात आपला मोठेपणा आहे असं मी म्हणणार होतो. पण देवही आपल्या देवघरातलेच दिसतात, अनोळखी एकही दिसत नाही, तेव्हा तो मुद्दा मागे घेणं बरं. घरातलं सोडून माणूस डोंगरात जातो, डोंगरात घरातलंच शोधतो आणि सापडलं की "पैसे वसूल" म्हणतो, एवढंच माझं प्रतिपादन आहे.

याला गंभीर आक्षेप असा की निसर्गाच्या गुहेत आकार नसतोच, म्हणून माणूस कल्पना लढवतो. जिथे खरोखरच चित्रं आणि मूर्ती आहेत तिथे तो नीट पाहील. आक्षेप वजनदार आहे. सुदैवाने त्याची शहानिशा करायला बुलढाणा जिल्ह्यातल्या आमच्या हिवरा आश्रमाहून फार लांब जावं लागत नाही. चिखली, बुलढाणा करत अजिंठ्याच्या डोंगररांगेत शिरलं की काम होतं. तसं सोपं ते नाही म्हणा. आपल्याकडे सहल ठरते ती लेण्यांची, पण "इतकं जातोच आहोत तर शेगावही करून घेऊ" असं कोणीतरी वडीलधारं म्हणतं. शेगाव दुसऱ्या दिशेला आहे, हे नकाशात खरं असलं तरी श्रद्धेपुढे नकाशाचं काही चालत नाही. मग लोणारही वाटेत येतं, सिंदखेडराजाही येतं, आणि दोन हजार वर्षांच्या अजिंठ्याच्या वाट्याला दुपारचे दोन तास उरतात. त्यात तो दिवस सोमवार असण्याची शक्यता सात दिवसांत एक असावी, असं गणित सांगतं. व्यवहारात ती बरीच जास्त असते. "काऊन बंद हाय?" "सोमवार हाय ना भाऊ." "आता?" "वेरूळला जा, ते मंगळवारी बंद राह्यते." तीन जीपगाड्यांतली मंडळी फर्दापूरच्या फाट्यावर डबे उघडतात, आणि सहल छान झाली असं सर्वानुमते ठरतं. हेही एक प्रकारे माझ्या बाजूनेच बोलतं. लेणी बंद असल्याने सहलीचं काहीच बिघडत नसेल, तर उघडी असताना नेमकं काय घडत होतं?

उघडी असली तर घडतं ते असं. फाट्यावरून दुसऱ्या बसने पायथ्याशी, तिथून पायऱ्या. पायऱ्यांपाशी डोलीवाले उभे असतात. ते वजनाचा अंदाज काट्याविना इतका अचूक करतात की स्वाभिमानी माणूस रागानेच पायी चढतो. वर वाघूर नदीने घोड्याच्या नालासारखं वळण घेतलेलं आणि त्या कड्यात ओळीने तीस लेणी. क्रमांक दिलेत ते एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे, वयाचा त्याच्याशी काही संबंध नाही. नववं आणि दहावं इसवी सनापूर्वीचं, पहिलं पाचव्या शतकातलं. पण क्रमांक दिसला की मराठी माणसातला विद्यार्थी जागा होतो आणि प्रश्न पहिला सोडवल्याशिवाय दुसऱ्याला हात लावत नाही. म्हणून सगळा उत्साह एक नंबरवर संपतो. तिथे चपला काढा, आत अंधार, डोळे स्थिरावायला पाच मिनिटं लागतात, पण चपला बाहेर असल्याने मन स्थिरावत नाही. भिंतीवर हातात कमळ घेतलेला बोधिसत्त्व पद्मपाणी. त्याच्यासमोर माणसं जितका वेळ थांबतात त्याच्या दुप्पट वेळ एका खांबापाशी थांबतात. त्या खांबावर चार हरणं कोरली आहेत आणि चौघांत मिळून डोकं एकच. "हे डोकं या हरणाचं." "नाही, त्याचं." "अहो, चौघांचं आहे." ओळखायला कोडं मिळालं की रंगत येते, नुसतं सुंदर असलं तर त्याचं करायचं काय, हे कळत नाही. सोळा-सतरापर्यंत पोचेस्तोवर संवादाचं स्वरूप तात्त्विक होतं. "हे पहिल्यासारखंच आहे." "पहिलं कसं होतं?" "ह्याच्यासारखंच." सतराव्या लेण्यात सिंहलच्या राक्षसिणी आहेत, फुटलेलं जहाज आहे, हत्तींच्या झुंडी आहेत, खऱ्या रंगवलेल्या, सोंडेसकट. चुन्याच्या गोळ्यात हत्ती पाहणारी माणसं त्यांच्यासमोरून "अंधार फार आहे" म्हणत निघून जातात. सव्वीस नंबरला बुद्धांच्या महापरिनिर्वाणाचं भलंमोठं शिल्प आहे. ज्यांना ती कथा घरातूनच ठाऊक आहे ते तिथे हात जोडून थांबतात, खाली कोरलेल्या शिष्यांचे रडवेले चेहरेही पाहतात. बाकीच्यांना ती आडवी मूर्ती पाहून आपणही जरा टेकावं एवढंच आठवतं.

हे अडाणीपणाचं लक्षण म्हणावं तर विद्वानांचा इतिहास आड येतो. सोळाव्या लेण्यात एक मलूल होऊन पडलेली राजस्त्री आहे. मुंबईच्या कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स यांनी १८७२ पासून विद्यार्थ्यांकडून या चित्रांच्या नकला करून घेतल्या. त्यांनी या चित्राची तोंडभरून स्तुती केली आणि ती बाई 'मरणोन्मुख राजकन्या' म्हणून जगभर गाजली. पुढे अभ्यासकांनी दाखवलं की ती मरत वगैरे नाही. ती बुद्धांच्या सावत्र भावाची, नंदाची बायको सुंदरी. नवरा संन्यासी झाला हे ऐकून ती कोसळली आहे, समोर नवऱ्याचा मुकुट घेऊन माणूस उभा आहे. व्हिक्टोरियाच्या राज्यातल्या माणसाला बाई पडलेली दिसली की मरणच दिसणार. पहिल्या लेण्यात टोकदार टोप्या घातलेले परदेशी लोक एका राजापुढे आहेत. १८७९ मध्ये जेम्स फर्ग्युसन यांनी जाहीर केलं की हा चालुक्य राजा दुसरा पुलकेशी आणि समोर इराणच्या खुश्रूचे वकील. साम्राज्याच्या नोकरीत आयुष्य गेलेल्या पिढीला भिंतीवर दरबार, नजराणे आणि वकीलच दिसले. हे मतही नंतरच्या अभ्यासकांनी मोडीत काढलं आणि तिथे जातककथा पाहिली. आमच्या शेजारच्या लोणारचं तेच. सुमारे १.८ किलोमीटर रुंदीचा गोल खड्डा. पुराणाने सांगितलं, इथे विष्णूने लवणासुर मारला. भूगर्भशास्त्र हसलं आणि म्हणालं, छे, हा ज्वालामुखी. लाव्ह्याच्या प्रदेशात गोल खड्डा म्हणजे ज्वालामुखीच, ओळखीचं ते आधी. उल्केची गोष्ट पक्की व्हायला १९७० चं दशक उजाडलं. गाईडच्या टॉर्चने हत्ती बघणारे आणि अशनीला ज्वालामुखी म्हणणारे यांत फरक एवढाच की दुसऱ्यांचं छापून येतं.

सर्वांत भक्कम पुरावा मात्र पांडवांचा. महाराष्ट्रात डोंगराला भोक दिसलं की ते पांडवांनी पाडलं, हा आपला राज्यव्यापी निष्कर्ष. नाशिकला पांडवलेणी, हद्दीपलीकडे पचमढीलाही पांडवांच्या गुहा, शिवाय गावोगावी एका रात्रीत खोदता खोदता कोंबडा आरवल्यामुळे अर्धवट राहिलेली कामं. बारा वर्षं वनवास आणि एक वर्ष अज्ञातवास, एवढ्या मुदतीत पाच भावांनी केलेलं बांधकाम पाहिलं तर सार्वजनिक बांधकाम खात्याने शरमेने तोंड लपवावं. आणि अज्ञातवासात! सह्याद्रीभर रात्रंदिवस छिन्नी-हातोड्याचा आवाज चाललाय आणि कौरवांच्या हेरांना पत्ता नाही. नाशिकच्या लेण्यांवर तर लेख कोरलेले आहेत, कोणी दिलं, कोणाला दिलं, किती दिलं. गौतमी बलश्री या मातेने आपल्या मुलाचं, गौतमीपुत्र सातकर्णीचं, तिथे असं लांबलचक कौतुक कोरवून घेतलंय की आपल्याकडच्या लग्नसराईतल्या आयांनाही काही शिकता यावं. पण ती ब्राह्मी लिपी. वाचता येत नाही त्यापेक्षा ओळखीचे पाच भाऊ बरे. वेरूळच्या दहाव्या लेण्याच्या छताला लाकडी वाशांसारख्या दगडी फासळ्या आहेत, म्हणून ती सुताराची झोपडी. आणखी एक लेणं रावणाची खाई, एक सीतेची न्हाणी. बुद्ध, शिव, जैन तीर्थंकर यांची शेकडो शिल्पं एकीकडे आणि आपल्याला सापडलं काय, तर सुताराचं घर आणि न्हाणीघर.

भिंतीवर नावं कोरण्याचा मुद्दा यातच बसतो. या बाबतीत आपल्या तरुणांना फार बोलणी खावी लागतात. पण आद्य पुरुष कोण, हे नीट पाहिलं पाहिजे. मद्रास इलाख्याच्या घोडदळातला जॉन स्मिथ शिकारीच्या नादात अजिंठ्याला पोचला, लेणी पाहिली आणि दहाव्या लेण्यातल्या एका खांबावर चित्र असलेल्या जागीच आपलं नाव, पलटण आणि तारीख खरवडली, २८ एप्रिल १८१९. शेकडो वर्षांनी जगाला सापडलेल्या अजिंठ्यात आधुनिक माणसाने केलेलं हे पहिलं नोंदलेलं काम. तेव्हा लेण्यात गाळ इतका साचला होता की तो उभा राहिला ती पातळी वर होती, म्हणून त्याचं नाव आज डोक्याच्याही वर आहे आणि आपल्या मुलांचे बदाम खालच्या पातळीवर. कोणी म्हणेल, ही साहेबाने लावलेली सवय. तेही नाही. त्याच दहाव्या लेण्याच्या दर्शनी भागावर वासिठीपुत कटहादी याने तो भाग दान केल्याचं कोरलेलं आहे. सोळाव्यावर वाकाटक राजा हरिषेणाचा मंत्री वराहदेव याचा लेख आहे. आजही आपल्या देवळांत छताच्या पंख्याच्या तिन्ही पात्यांवर दात्याचं नाव असतं आणि पंखा चालू असला की ते वाचता येत नाही म्हणून दाता पंखा बंद ठेवायला सांगतो. परंपरा तीच. मधल्या काळात फक्त देणगी गळाली आणि नाव उरलं. जाता जाता, हरिषेणाच्या वाकाटक शाखेची राजधानी वत्सगुल्म, म्हणजे आपलं वाशीम. अजिंठ्याची काही लेणी शेजारच्या जिल्ह्यातल्या लोकांच्या पैशाने उभी राहिली, ही बातमी बुलढाण्यात फारशी पसरली नाही. शेजाऱ्याचं कौतुक आपल्याकडे पसरायला वेळ लागतोच.

शेवटचा आणि नेहमीचा आक्षेप: आपल्या लोकांना शिस्तच नाही, म्हणून ते काही पाहत नाहीत. हा आक्षेप घेणाऱ्याने विवेकानंद जयंतीच्या उत्सवात हिवरा आश्रमला यावं. विवेकानंद आश्रमाच्या मैदानात लाखाच्या संख्येने माणसं ओळीने जमिनीवर बसलेली असतात, ओळींच्या मधून ट्रॅक्टर फिरतात, ट्रॉलीतून पुऱ्या आणि वांग्याची भाजी वाढली जाते. कोणी उठत नाही, ढकलत नाही, दुसऱ्याच्या पानात बघत नाही. निदान वाढून होईपर्यंत नाही. हीच माणसं अजिंठ्याच्या बसमध्ये चढताना खिडकीतून पिशवी टाकून जागा धरतात. तेव्हा दोष शिस्तीचा नव्हे, विषयाचा आहे. पुरी ही पुरी आहे, हे कोणाला टॉर्च मारून दाखवावं लागत नाही. पद्मपाणीकडे बघताना मात्र पुढे काय करायचं हे माहीत नसतं, आणि ज्या माणसाला पुढे काय करायचं हे माहीत नसतं तो आपोआप पुढच्याला ढकलतो.

मग लोकांना जातककथा आधी शिकवाव्यात, असा उपाय सुचवला जातो. शिकवाव्यात, माझी हरकत नाही. पण रॉबर्ट गिल या लष्करी चित्रकाराचं उदाहरण डोळ्यांसमोर ठेवावं. त्याने १८४० च्या दशकापासून वर्षानुवर्षं त्या अंधारात बसून मोठमोठ्या नकला केल्या. त्यातल्या बऱ्याचशा लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये १८६६ च्या आगीत जळाल्या. एवढी मोठी शोकांतिका, पण आपल्याला गिल आठवतो तो त्याच्या प्रेयसीमुळे, पारोमुळे. ना. धों. महानोरांनी 'अजिंठा' ही दीर्घ कविता लिहिली, २०१२ मध्ये त्याच नावाचा सिनेमा आला, आणि आता लेण्यांत एकही जातककथा न ओळखणारी मंडळी अजिंठा गावात शिरून पारोची कबर अचूक शोधून काढतात. "ते कबर कुठं हाय हो?" रस्त्यावरचं पोरगंही दाखवतं. प्रेमप्रकरण घरोघरी ओळखीचं असतं, त्याला टॉर्च लागत नाही.

लेण्यांच्या वाटेवर चकचकीत दगड विकणारे भेटतात, तिथे सगळा सिद्धान्त मुठीत मावतो. लाव्हा थंड होताना आत अडकलेल्या वायूंचे बुडबुडे तसेच राहिले, त्यांत पाणी झिरपलं आणि पांढरे, हिरवट, गुलाबी स्फटिक वाढले. आपल्या कातळाला निसर्गाने दिलेल्या गुहा या अशा, मुठीएवढ्या. मोठी लेणी दीड तासात उरकून आलेलं कुटुंब या छोट्या गुहेपाशी अर्धा तास थांबतं आणि खरं बघणं इथे सुरू होतं. उन्हात धरून, उलटून, नखाने खरवडून, बोट आत घालून. "खरा आहे का?" "डोंगरातला आहे काका." "डोंगरातला तर हा रस्त्यातलाही आहे. केवढ्याला?" "पाचशे." "शंभर." "शंभरला नुसता दगड येतो, आतलं भोक नाही येत." शेवटी दीडशेला ठरतं आणि जीपमध्ये नवा प्रश्न निघतो. "ठेवणार कुठं हे?" "टीव्हीवर." "टीव्ही भिंतीला टांगलाय आता, त्याच्यावर माशी बसत नाही." "मग फ्रिजवर." "फ्रिजवर बोर्राचा हत्ती आहे ना." "तो हत्ती आहे होय? मी आत्तापर्यंत गणपती समजून त्याला कुंकू लावत होते!"